दोन आणि तीन नंबरची वायर

जावई दारात आला तो फटाफट आवाज करत, धूर ओकत. म्हणजे त्याची जुनी पिकअप हो. पण मालकाची तऱ्हा तरी कुठे वेगळी होती?

गॅरेजच्या मागच्या खोलीत लेक फुटक्या ओठावर ओला फडका धरून बसली होती. उजाडायच्या आत नवऱ्याचं घर सोडून ती चालत आईकडे आली होती. म्हातारीनं तिला काही विचारलं नव्हतं. ओठ दिसत होता, विचारायचं काय राहिलं होतं?

"गाडी मिसिंग मारतेय. नीट करून द्या सासूबाई, म्हणजे हिला घेऊन निघतो," जावई म्हणाला आणि चाकाचा पाना मांडीवर आपटत उभा राहिला.

म्हातारीनं बॉनेट उचललं, दांडीचा टेकू दिला. इंजिन चालू ठेवून, कोरड्या फडक्यानं ती एकेका प्लगची वायर उपसू लागली. पहिली उपसली, तर इंजिन मरायला टेकलं. चौथीला तेच. दुसरी उपसली, तिसरी उपसली, पण इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही. तिनं दोन्ही वायरींवरून वरपर्यंत बोट फिरवलं. अदलाबदल झालेली. हे खोलीत बसलेल्या पोरीचंच काम. नवऱ्याला लवकर पाठलाग करता येऊ नये म्हणून जाता जाता केलेलं. वायरींचे नंबर तिला लहानपणी आईनंच शिकवले होते.

म्हातारीनं इंजिन बंद केलं, हात पुसले आणि बेधडक थाप मारली. दोन आणि तीनच्या मधलं गॅसकेट फुटलंय, हेड उतरवावं लागेल. गाडी राहू दे, तुम्ही जा.

म्हातारीचा मुलगा तेवढ्यात बाजारातून सामान घेऊन परतला होता. तसा वाईट नव्हता, पण इंजिन दिसलं की त्याच्या जिभेला दम निघत नसे. तो आत वाकला आणि हसला.

"गॅसकेट कसलं, आई? वायरी उलट्या लावल्यात. कुणीतरी मुद्दाम केलंय, दाजी."

जावयानं खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग मुलाला उमगलं, पण तोवर उशीर झाला होता.

जावई खोलीत घुसला. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. जावयानं लेकीला केसांना धरून फरफटत आणलं. मुलगा आडवा गेला, त्याच्या कानशिलावर पाना बसला आणि तो गुडघ्यावर कोसळला. रक्त शर्टाच्या कॉलरमध्ये उतरलं.

"लाव वायरी."

मुलगा हलला नाही. जावयानं त्याला शिवी हासडली, पाना टाकला, एका हातानं बायकोचे केस तसेच धरून दुसरा हात इंजिनात खुपसला.

म्हातारीनं टेकूची दांडी काढून घेतली.

जुन्या गाडीचं बॉनेट, जाड पत्र्याचं. ते त्याच्या हातावर, कोपराच्या खाली आदळलं आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुरासारखा ओरडला. केस सुटले. म्हातारी दोन्ही हातांनी बॉनेट दाबत होती, पण वजनाला ती केवढीशी. पत्रा वर उठायला लागला.

तेव्हा लेक चाकावर पाय देऊन वर चढली आणि बॉनेटवर बसली. चांगली मांडी घालून.

"सासूबाई, उठवा तिला. पाया पडतो."

"मी नाही बसवलं," म्हातारी म्हणाली. "तिच्याशी बोला."

तो तिच्याशी बोलायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच खालच्या आवाजात. घरी चल म्हणाला नाही, मी इथं परत येणार नाही एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाला. लेकीनं ओठावरचं रक्त जिभेनं टिपलं आणि पुरतं ऐकून घेतलं.

"आणखी एकदा," ती म्हणाली.