धुराड्याच्या गळ्यातली दोरी

मी एक जुने धुराडे आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी या गल्लीचा पत्ता सांगताना माझेच नाव निघत असे. "ते उंच धुराडं दिसतंय ना, त्याच्या खालीच बेकरी," असे लोक सांगत आणि मी आणखी ताठ उभे राही.

मला बेकरीवाल्या काकांच्या वडिलांनी बांधून घेतले. लाल पक्क्या विटा, वर जाड गिलावा आणि डोक्यावर पत्र्याची टोपी. पुढे वडिलांच्या जागी काका आले. पहाटे भट्टीत लाकडे पडत, पाव फुगत आणि त्यांचा वास गल्लीभर पसरे. तो वास सगळ्यांना आपला वाटे. धूर मात्र कोणाचाच नव्हता.

तो जाई शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. त्या बाळांची झबली शिवत. माझी काजळी त्या पांढऱ्या कापडावर बसे आणि धूर त्यांच्या छातीत. दमा जडला तशी त्यांनी माझ्या बाजूची खिडकी लावून घेतली. मला फार वाईट वाटे, पण माझे तोंड मला मिटता येत नाही.

मग नवा नियम आला. वस्तीत लाकडाचा धूर सोडायचा नाही. तपासणीच्या बाई येऊन म्हणाल्या, "काका, धुराडं बंद करावं लागेल. मुदत आहे, तोवर दुसरी सोय बघा."

काकांचा पारा चढला. "माझं दुकान, माझी भट्टी, माझं लाकूड. उद्या श्वास कसा घ्यायचा, तेही तुम्हीच सांगा."

वरची खिडकी किलकिली झाली. "मला तर ते इतकी वर्षं तुम्हीच सांगताय, भाऊ," मावशी म्हणाल्या आणि खोकत खोकत त्यांनी खिडकी लावली.

खरे सांगायचे तर काकांच्या रागाखाली भीती होती. चिमूटभर पीठ भट्टीत टाकायचे आणि ते किती वेळात करपते यावरून आच ओळखायची, ही त्यांची विद्या. बटणाच्या भट्टीपुढे ती काय कामाची? पाव बिघडला तर वडिलांची बेकरी बुडाली, असे त्यांना वाटे. पण भीती बोलून दाखवतील ते काका कसले. त्यांनी आपले डोके चालवले.

"बाई धुराडं बंद करा म्हणाल्या. भट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही," असे म्हणत ते गच्चीवर आले. त्यांनी माझी टोपी काढली, तोंडावर सपाट पत्रा ठेवला आणि वर चार विटा रचल्या. मग खाली जाऊन भट्टी पेटवली.

"अहो, धूर जाणार कुठून?" काकूंनी विचारले.

"तो सरकारचा प्रश्न."

सरकार लांब होते, धूर जवळ होता. वर वाट मिळेना म्हणून तो आल्या पावली परत फिरला आणि बेकरीत भरला. काकू पदर नाकाला लावून बाहेर धावल्या, मागून गिऱ्हाइके आणि शेवटी काका. डोळ्यांना धारा लागलेल्या, खोकला थांबेना. ते पायरीवरच बसले. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन खाली आल्या.

जरा दम आल्यावर काकांनी विचारले, "तुमच्याकडे रोज असंच?"

"रोज नाही हो. वारा माझ्या बाजूचा असला की."

काकांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने भट्टी विझवली.

विजेची भट्टी आली. पहिले पाव दगड झाले, नंतरचे कोळसा. काकांनी कचेरीत जाऊन मुदत वाढवून मागितली आणि बाईंनीही अडून न बसता ती दिली. पण जुन्या भट्टीला त्यांनी पुन्हा काडी लावली नाही. एके दिवशी त्यांनी वैतागून नव्या भट्टीत चिमूटभर पीठ टाकले. बघतात तर काय, पीठ तिथेही करपत होते. त्या दिवसापासून पाव पुन्हा जमू लागला. पाव कसा भाजायचा, हे नियमाने सांगितलेलेच नव्हते.

राहता राहिले मी. गवंडी घण घेऊन आला तेव्हा माझ्या विटा थरथरल्या. तेवढ्यात वरून हाक आली, "पाडू नका हो. दोरी बांधायला या बाजूला दुसरं आहे काय?"

तेव्हापासून मावशींच्या खिडकीतून निघालेली दोरी माझ्या गळ्यात आहे आणि तिच्यावर झबली वाळतात.

मित्रांनो, आपापल्या घरात हवे ते जरूर करा. फक्त आपण सोडलेले कुठे जाऊन पोचते, ते एकदा वर चढून बघा. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला दोरी बांधाल तर जरा सैल बांधा.

काल वारा मावशींच्या बाजूचा होता. खिडकी उघडीच होती.