वीणा खाली ठेवायची नाही

या, जरा जवळ सरका. एसीची घरघर आहे आणि माझा आवाज काही कीर्तनकाराचा नव्हे, मी आपली मागे उभी राहून झांज धरणारी बाई. पण ही गोष्ट मीच सांगणार. एका गोऱ्या फौजदाराला नारळ मिळाला आणि त्यापायी इथं आखातातलं, अल कुसैसमधलं आमचं कीर्तन बुडायला निघालं. ते बुडालं नाही. का बुडालं नाही, ते ऐका. खोटं वाटेल तिथं हसा, पण मध्येच उठू नका.

आमच्या कीर्तनाला सगळे शुक्रवारचं कीर्तन म्हणतात आणि ते होतं शनिवारी. इथली सुट्टी सरकली तेव्हा आम्हीही सरकलो, नाव मात्र जागेवर राहिलं. जागा आमचाच हॉल, सोफे बाल्कनीत ढकलून. पलीकडे लोक राहतात, म्हणून मृदंग नाही. माझे यजमान सूर्यकांत यांची पेटी आणि माझी झांज, बस. झांजेला मी आतून कापडाची पट्टी चिकटवली आहे. वाजते, पण ओरडत नाही.

कीर्तनकार वासुदेवराव. रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात ऑफिसात नोकरी, दर शनिवारी तिथून बसनं यायचे. पिशवीत धोतर, उपरणं, बुक्क्याची डबी आणि काखेत वीणा, गावाहून विमानात मांडीवर घेऊन आणलेली. आवाज असा, की पहिला 'विठ्ठल' म्हटला की माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो, नुसता आठवला तरी.

सुरुवातीला ते पुराणातली आख्यानं लावत. मोठे डोळे मिटून ऐकत आणि पोरं एकेक करून आतल्या खोलीत पसार होत. एकदा उत्तररंग सुरू करायच्या वेळी त्यांनी हॉलभर पाहिलं तर एकही पोर जागेवर नाही. मग म्हणाले, "इंग्लंड देशी एक गाव होतं. गावात चर्च, चर्चमागे गुलाबाची बाग, आणि बागेत एक प्रेत." आतल्या खोलीतली पोरं दारात आली.

ती कथा त्यांच्या आवडत्या मालिकेची होती. वर्षानुवर्षं चाललेली ब्रिटिश मालिका, त्यात इन्स्पेक्टर व्हिटकॉम नावाचा म्हातारा फौजदार. प्रेताजवळ गेला की आधी टोपी काढणार, मग बोलणार. वासुदेवराव तिथं खांद्यावरचं उपरणं काढत. पूर्वरंगात लोभ, मत्सर, अहंकार यांचं निरूपण, मग नामगजर, गळ्यात हार, आणि उत्तररंगात व्हिटकॉमचा एक तपास. खुनी सांगायच्या आधी ते थांबायचे, श्रोत्यांनी नाव ओळखायचं. आमच्यातले दोघंतिघं रिपोर्ट्स, ऑडिट करणारी हुशार मंडळी. त्यांचा बाण हमखास चुकायचा. बरोबर निघायची ती शहनाझभाभी.

शहनाझभाभी आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, मूळची रत्नागिरीकडची. नवरा कमरुद्दीन टगबोटीवर, महिना महिना पाण्यात. पोरं अबुजर आणि सफा. आईनं मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत. त्यामुळे शनिवार हाच तिचा पोटभर मराठी ऐकण्याचा दिवस. मगरिबची नमाज आटपून सांदणांचा डबा घेऊन यायची, दाराजवळ बसायची. गजर, आरती आमची, गोष्ट तिची. "एवढंसं गाव, आन दर आठवड्याला मुडदा," ती म्हणायची, "तिथं भाड्यानं घर स्वस्त मिळत असेल, नाय?" वासुदेवरावांना गाता गाता हसू आवरायचं नाही.

आणि आमच्याकडे एक नियम होता. वासुदेवरावांच्या गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणा गळ्यात घेऊन माणूस उभा राहतो, थकला की दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. पण वीणा जमिनीला लागत नाही. इथं सप्ताह कुठला व्हायला? तरी एका संध्याकाळपुरता त्यांनी तो नियम लावलाच. आख्यान संपून आरती होईपर्यंत वीणा खाली ठेवायची नाही. पाणी प्यायला थांबले तरी सूर्यकांत पेटीवरून उठून वीणा धरायचे.

तर एके दिवशी ग्रुपवर बातमी आली. टाकली नीरवनं, तो आमचा मेसेज पाठवणारा, खुर्च्या आणणारा. व्हिटकॉमचं काम करणारा नट मालिका सोडतोय. त्याला निरोप दिला, केक कापला, टाळ्या वाजवल्या. पुढच्या भागांपासून त्या खुर्चीवर एक बाई, नवी इन्स्पेक्टर. नीरवच्या मुलीनं, मिहिकानं खाली लिहिलं, "ही वॉज टू ओल्ड एनीवे." पोरीचा हेतू वाईट नव्हता. पण ते वाक्य वासुदेवरावांनी वाचलं.

त्या शनिवारी पूर्वरंग झाला, आख्यान झालं, आरती झाली. प्रसादाचा शिरा हातात घेऊन ते म्हणाले की आता व्हिटकॉमचा एकच भाग उरलाय, शेवटचा. तो पुढच्या खेपेला लावतो आणि मग खलास. वीणा खोळीत. त्यांच्याही कंपनीनं वय झालं म्हणून कागद हातात दिला होता, महिनाअखेरीस व्हिसा संपत होता, मुलगा नगरला बोलावत होता. हे आम्हाला तेव्हाच कळलं. "त्यालाही केक कापून घालवला, मलाही," ते म्हणाले. "त्याच्या जागी दुसरं कोणी उभं राहिलेलं मी बघणार नाही, आणि या हॉलमध्ये सांगू देणार नाही. चांगलं चाललंय तोवर मिटवावं."

सूर्यकांतांनी पेटीचा भाता बंद केला. नीरव म्हणाला की काका, रेकॉर्डिंग लावून ऐकता येईल. यावर मला इतका राग आला की शिऱ्याचं ताट मी जरा जोरातच ठेवलं. रेकॉर्डिंगला बुक्का कुठं लावायचा?

बोलली ती शहनाझभाभी. दाराजवळूनच.

"वासुदेवभाय, तुमी गावाला चालले, त्याचं मला वाईट वाटतंय. पण जाताना हॉल पण घेऊन जाणार काय?"

वासुदेवराव म्हणाले, "ताई, माणूसच गेला तर गोष्ट कोणाची सांगणार?"

"मी त्या गोऱ्यासाठी येत नव्हती. तपासासाठी येत होती."

"मग तुम्हीच सांगा तपास." हे ते चिडून म्हणाले, टोमणाच होता.

"सांगेन," ती म्हणाली, डबा उचलला आणि गेली.

मधला आठवडा मला गोड लागला नाही. माणसं येतात-जातात, आखातात राहणाऱ्याला हे कोणी शिकवायला नको. इथं प्रत्येकाच्या कपाटावर मोठी बॅग असतेच. पण म्हणून जाणाऱ्या प्रत्येकानं दिवा विझवून जायचं म्हटलं तर मागच्यांनी काय अंधारात बसायचं? पांडुरंगासमोर उभी राहून मी स्पष्ट सांगितलं, बाबा, हे मला मान्य नाही. तुला असेल तर असो.

शेवटच्या शनिवारी हॉल भरून बाहेर पॅसेजमध्ये माणसं. लांब अल रीम आयलंडवरून दोन कुटुंबं आली होती, चपला लिफ्टपर्यंत. वासुदेवराव असे रंगले की काय सांगू. व्हिटकॉमनं शेवटचा खुनी पकडला, टोपी खुंटीला अडकवली आणि दार ओढून घेतलं. वासुदेवरावांनी उपरणं काढून घडी घातली, तेव्हा पुढच्या रांगेतले दोन बाप्ये सरळ रडत होते. मी आरतीचं ताट घ्यायला वळले. खोळ कोपऱ्यात उघडी पडली होती. आरती झाली की वीणा तिच्यात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात दाराजवळ शहनाझभाभी उभी राहिली. ओढणी डोक्यावर नीट घेतली, बिस्मिल्ला पुटपुटली आणि म्हणाली, "इंग्लंड देशी एक मोठं घर होतं."

हॉलमध्ये कुजबूज. नीरव उठून तिच्याजवळ जायला लागला, भाभी आता आरती आहे वगैरे. मी त्याच्या वाटेत ताट घेऊन उभी राहिले. आणि वासुदेवरावांकडे पाहिलं. ते वीणा उतरवण्यासाठी मान वाकवत होते, तसेच थांबले. त्यांच्याही लक्षात आलं. आख्यान सुरू झालं होतं. आख्यान संपल्याशिवाय आरती नाही, आणि आरती झाल्याशिवाय वीणा खाली ठेवायची नाही. नियम त्यांचाच होता.

तिनं पाहिलं, समजली आणि पुढं निघाली. नव्या इन्स्पेक्टर बाईचा पहिलाच तपास होता तो. मोठ्या घरात नवी हाउसकीपर कामाला आली आणि सकाळी जिन्याखाली मरून पडलेली सापडली. इथवर झकास. पण भाभीला तोवर फक्त ओळखायची सवय, लपवायची नाही. "आन मारलं कोणी?" ती म्हणाली. "जुन्या हाउसकीपरनं."

हॉल हसून फुटला. मिहिका मोठ्यानं म्हणाली, "आंटी, यू गेव्ह इट अवे!" पुढचे रडके बाप्ये हसत होते. भाभीनं तोंडावर हात ठेवला, लाल झाली. मला वाटलं आता ही बसते. बसली असती तर सगळं तिथंच संपलं असतं.

ती बसली नाही. तोंडावरचा हात काढला.

"बरं. कळलं ना कोणी मारलं? आता का मारलं, ते ऐका."

आणि तिनं सांगितलं. जुन्या बाईनं सगळं आयुष्य त्या घरात काढलं होतं. कुठल्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं, कुठल्या पाहुण्याला उशाशी दुसरी उशी लागते, सगळं तिला पाठ. मालकांनी म्हातारी झाली म्हणून नवीला आणलं आणि हिला सांगितलं, जाताना किल्ल्या तिला दे. रात्रभर जुडगा हातात घेऊन बसली. प्रत्येक किल्लीचं दार तिला आठवत होतं. सकाळी नवीनं हात पुढं केला. आता कोणी हसत नव्हतं. भाभी एकेका किल्लीबद्दल सांगत होती, बोटांनी दाखवत होती, जशी आई मुलाची बोटं मोजते. "चोर नव्हती ती," भाभी म्हणाली. "चांगली होती. फकत किल्ल्या द्यायला तिचा हात उघडला नाय. एवढंच. दुसरा काय गुन्हा नव्हता तिचा. त्याच्यातूनच खून झाला."

हे ती कोणाकडे पाहून म्हणाली ते सांगायची गरज नाही.

पुढं नवी इन्स्पेक्टर ऑफिसात जाते, खुंटीवर व्हिटकॉमची टोपी असते, एवढं सांगायचं होतं, पण शब्द येईनात. गोष्ट अर्ध्यात लोंबकळत राहिली.

आणि मागून वीणेची तार वाजली.

वासुदेवराव छेडत होते. एकदा, दोनदा. मग त्यांनी नाम धरलं, अगदी खालच्या पट्टीत, जसं कीर्तनकार दमला की मागचे टाळकरी धरतात तसं. आजवर ते पुढं आणि आम्ही मागं. आज ते मागं उभे होते. सूर्यकांतांची पेटी लागली, माझी झांज लागली. गजर होईतो भाभीनं डोळे पुसले आणि शेवट केला. "नव्या बाईनं टोपी हलवली नाय. खुंटी त्याची. खुर्ची कामाची." आणि खाली बसली.

वासुदेवराव म्हणाले, "ताई, खुनी आधीच सांगितलात ते बरोबर केलंत. कीर्तनात शेवट कुणाला ठाऊक नसतो? दुष्ट मरणार, भक्त तरणार. तरी लोक येतातच ना. मीच इतकी वर्षं खुनी लपवत बसलो." मग वाकले. ती घाईनं उठली, म्हणाली वासुदेवभाय हे काय, आणि कपाळाला हात लावून तिनं सलाम केला. वीणा मात्र घेतली नाही. म्हणाली की वीणा तुमच्या देवाची, ती तुमच्यातल्या कोणाला द्या. गोष्ट माझ्याकडे राहू द्या.

त्यांनी हॉलभर पाहिलं आणि माझ्यासमोर आले. बाईच्या गळ्यात वीणा कशी, असं मागून कोणीतरी बोललंच. वासुदेवरावांनी मान वळवून त्याला विचारलं की पहाऱ्याला तू उभा राहतोस का. मी झांज मिहिकाच्या हातात दिली. ते माझ्या पाया पडले, मी त्यांच्या, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात आली. जड असते हो. आरती मी तशीच उभ्यानं म्हटली. खोळ त्यांनी स्वतः घडी घालून आमच्या कपाटात ठेवली.

आता ते नगरला असतात. नवी मालिका बघत नाहीत. बघणार नाही म्हणजे नाही, असं आजही ठणकावून सांगतात. आणि रविवारी सकाळी फोन करून विचारतात, "काल त्या बाईनं कोणाला पकडलं?" मग भाभी सांगते, आणि खुनी आधीच सांगते. मालिकेला कोणी कंटाळेल, नवी बाईही उद्या जाईल, भाभीचा कमरुद्दीन तिला गावाला नेईल, मलाही कधीतरी बॅग भरायचीच आहे. जाऊ. पण जाताना गळ्यातली वीणा दुसऱ्या गळ्यात घालून जाऊ. ज्याला बंद पडायची हौस असेल त्यानं पडावं, आमचं शुक्रवारचं कीर्तन शनिवारी आहे.

तेव्हा तुम्हीही या, शिरा असतो, सांदणं असतात. आणि घरी गेल्यावर देवापुढं दिवा लावाल ना, तेव्हा एकदा वासुदेवरावांची आठवण काढा. त्यांना त्या दिवशी किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे, वीणा मी धरली आहे. तरी त्यांचा हात उघडला. एवढं लक्षात ठेवा त्यांचं.