कणकेचा गोळा

सामानाची गाडी दहाला येणार होती आणि तातेराव ओट्यावर नऊ वाद्यं मांडून बसले होते. हिंगोलीत पोराचं घर दोनच खोल्यांचं. हरीशनं फोनवर ठणकावलं होतं, "बाबा, दोनच आणा."

पण जे वाजवावं तेच न्यावंसं वाटे! ढोलकी घुमली तशी गल्ली गोळा झाली, कुणी झांजा उचलल्या, आणि हट्टा गावात भर सकाळी भजन रंगलं.

शेवटी पेटी आणि ढोलकी ठरली. पखवाज मात्र त्यांनी न वाजवताच देवळात द्यायला बाजूला काढला. दर वेळी त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागे, आणि त्यावरून त्यांच्या पत्नी द्वारकाबाई तीस वर्षं कुरकुरत होत्या, "लेकरायच्या पोळीची कणीक ह्या लाकडाला काहून चारता?" नव्या घरात तरी ती कटकट नको.

तेवढ्यात द्वारकाबाई तरातरा बाहेर आल्या. वाटेतल्या पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेचा गोळा त्यांनी पखवाजावर थापला.

"तीस वर्षं ह्याला मी जेवू घातलं, आन तुमी मला न इचारता देऊन राहिले व्हय? वाजवा!"

तातेरावांनी थाप मारली. द्वारकाबाईंनी कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि चिमूटभर कणीक काढून घेतली.

"जास्त झाली व्हती. आता वाजवा."

या वेळी सूर बरोबर लागला. तातेरावांनी हसत ढोलकी शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि पखवाज पेटीशेजारी सरकवला.