तार थंड होईपर्यंत

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. पण नुसती तार म्हणून माझी किंमत करू नका. माझे एक टोक पितळेच्या दांड्यात घट्ट बसवलेले आहे आणि दुसऱ्या टोकाला मोहरीएवढे वेटोळे आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी मला 'लूप' म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे जीव एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणे, हे माझे काम. त्याआधी मी ज्योतीत लालबुंद होते, म्हणजे माझ्या अंगावर परका जीव उरत नाही. मग पूर्ण थंड होते आणि त्यानंतरच कामाला लागते. हा माझा शिरस्ता आहे. तो मोडलेला मला खपत नाही.

तमिळ मुलखातल्या एका शहरात, अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात माझा दांडा घडला. तेथून मी त्याच शहरातल्या तिरुवल्लिकेणीजवळच्या महाविद्यालयात राजसबाईंच्या हाती आले. बाई तंजावरी मराठी घराण्यातल्या, शिस्तीच्या कडक. माझ्यावर हात बसवून त्यांच्या कितीतरी मुली पदवीधर झाल्या. कोणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली, कोणी औषधांच्या कारखान्यात. कोणी शहराचे पाणी तपासू लागली, तर कोणी पुढे शिकून स्वतःच 'बाई' झाली. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

ऊर्मी २००६ साली शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील उमाकांत नागपूरहून बदलून आलेले, इथल्या संरक्षण कारखान्यात वेल्डर. लेकीचे शिक्षण त्यांच्या पचनी पडत नव्हते.

"शेजारचा अनिकेत कॉम्प्युटर शिकून कंपनीत लागला. तू काय, जंतू पाळणार?"

अंबत्तूरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, तेव्हा बापलेकीत ठरले : ती मिळाली तर ऊर्मीने याच वाटेने जावे; नाहीतर मुकाट्याने कॉम्प्युटरच्या क्लासला बसावे. निवडीच्या परीक्षेला प्रत्येकाने आपली लूप आणायची होती. राजसबाईंनी मला तिच्या हाती दिले आणि लाडाने बजावले.

"अगे कण्णा, घाई केलीस तर ही तुला माफ करणार नाही. मी एकवेळ करीन."

डेअरीच्या अधिकारी क्षमाबाईंनी प्रत्येकापुढे एक नळी ठेवली. तीत दोन प्रकारचे जीवाणू मिसळलेले होते. आगर, म्हणजे जीवाणू वाढवायची जेली; तिच्या प्लेटवर रेघा ओढून त्यांना वेगळे करायचे होते. काचेच्या दाराबाहेर उमाकांत बाकावर बसले होते. ऊर्मीने तिकडे पाहिले. ते घड्याळ पाहत होते. तिने मला घाईने ज्योतीतून काढले. मी अजून तापलेली असतानाच तिने मला नळीत बुडवले.

चर्र!

तो आवाज आम्हा दोघींनाच ऐकू आला. माझ्या वेटोळ्यातले जीव तेथेच मेले होते. तरीही तिने सवयीने रेघा ओढल्या, आणि त्या दिसायलाही सुरेख होत्या. त्या दिवशी कोणालाच काही कळले नसते. प्लेट कोरी राहिल्याचे दोन दिवसांनी उघड झाले असते. तिने झाकण लावले. मग उठली.

"मॅडम, मला नवी प्लेट हवी. तार तापलेली असतानाच बुडवली."

"ही तर फर्स्ट इयरची चूक!" शेजारचा उमेदवार रंगा हसला.

"प्लेट मिळेल. वेळ वाढवून मिळणार नाही," क्षमाबाई म्हणाल्या.

तिने मला पुन्हा ज्योतीत धरले. मी लाल झाले, आणि आता थांबायचे होते. फुंकर मारून मला निववण्याचा मोह तिला झाला. तिचे ओठ मिटलेले मी पाहिले. फुंकरीबरोबर तोंडातले जंतूही येतात, हे ती विसरली नव्हती. रंगा उठला. त्याच्यामागून बाकीचेही उठू लागले. बाहेर उमाकांत बाकावरून उठून काचेशी आले. ऊर्मी हलली नाही. मी थंड झाल्यावरच तिने मला नळीत घातले. शेवटची रेघ संपली आणि वेळही संपली.

बसमध्ये उमाकांतांनी विषय काढला.

"सगळ्यांच्या शेवटी उठलीस."

"तार तापली होती, बाबा. थांबावंच लागतं. नाहीतर जीव मरतात."

त्यांनी मान वळवली. "वेल्डिंगचा जोड तापलेला असला की आम्हीही थांबतो. पाणी मारलं तर तडकतो तो."

दोन दिवसांनी प्लेटा टेबलावर मांडल्या गेल्या. रंगाच्या प्लेटवर सारे जीवाणू गर्दी करून एकमेकांत मिसळले होते. ऊर्मीच्या रेघांच्या टोकाशी दोन्ही जीवाणूंचे पांढरे आणि पिवळे ठिपके सुटे, स्वच्छ उभे होते.

"कॉलेजची परीक्षा संपली की रुजू व्हा," क्षमाबाई म्हणाल्या. या वेळी आत आलेले उमाकांत ते ठिपके पाहायला वाकले.

"बाबा, हात..." ऊर्मी म्हणू लागली. पण त्यांनी आपणहूनच दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, आणि श्वासही रोखला होता.

मित्रांनो, आता वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या लूप आल्या आहेत. मी राजसबाईंच्या कपाटात पडून असते. माझे वेटोळे झिजले आहे. झिजले म्हणून मला टाकू नका. तार बदला, दांडा अजून भक्कम आहे. आणि ज्योतीत धराल, तर नंतर थांबा. ही विनंती नाही, माझी आज्ञा समजा. लाल होणे मला नेहमीच सोपे गेले. थांबायला मात्र धरणारा हात लागतो.