घळीची चावी

लेटन ब्रॅमवेलकडे गावातला सगळ्यात महागडा मेटल डिटेक्टर आहे आणि सगळ्यात स्वच्छ फावडं. ऑस्ट्रेलियात, आमच्या व्हिक्टोरियातल्या जुन्या सोनखाणींच्या मुलखात एवढं सांगितलं की माणसाची ओळख पुरी होते.

आयुष्यभर मेलबर्नमध्ये घरं विकली, निवृत्त होऊन इथं आला आणि दुसऱ्याच वर्षी सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबाचा अध्यक्ष झाला. आमच्या वेळी अध्यक्ष नव्हते. खिशात परवाना असला की सरकारी जंगलात कुणीही हातानं खणावं, सापडेल ते घरी न्यावं आणि निघताना खड्डा बुजवावा. माझा नवरा मर्व डिटेक्टर फिरवताना कमरेला साखळी बांधायचा. ती मागून फरफटत यायची, मातीत रेघ उमटायची; कुठं बघून झालं ते कळायचं. तो खणायचा, मी बुजवायची आणि वर वाळका पाला पसरायची. "नोला, आपण येऊन गेलो हे जंगलाला कळता कामा नये," म्हणायचा. आमचं सगळं सोनं औषधाच्या एका बाटलीत मावतं. पण काय ते रविवार!

यंदा आमच्या रविवारच्या त्या घळीत उघडे खड्डे दिसू लागले. एकात पडून कांगारूच्या जातीतल्या एका छोट्या वॉलबीचा पाय मोडला, बिचारीला गोळी घालावी लागली. वनरक्षक टॅम्सिन प्रायरनं सांगितलं, शनिवारी बघायला येते, मग घळ उघडी ठेवायची की फाटक घालायचं ते ठरवते. लेटनचा तोडगा तयारच होता: फाटक घाला, पण चावी क्लबाकडे द्या.

मी क्लबात नाही. मर्व गेला तरी मी रविवारी त्या घळीतच जाऊन बसते. उद्या तिथं बसायला लेटनची परवानगी मागायची? त्यापेक्षा मी उरलेले दात उपटून घेतले असते.

खड्डे त्याचेच होते. मी झाडाखाली थर्मास घेऊन बसलेली असायची, पण लेटनला म्हाताऱ्या बायका दिसत नाहीत. मात्र अध्यक्षापुढं माझा शब्द कोण ऐकणार? टॅम्सिनला तिच्या डोळ्यांनीच दिसायला हवं होतं.

शनिवारी पठ्ठ्या डिटेक्टर घेऊनच आला, पाद्री क्रूस घेऊन येतो तसा.

"टॅम्सिन, हे सगळं बाहेरच्यांचं काम," तो म्हणाला. "खड्डा उघडा टाकण्यापेक्षा आमचे सभासद हात तोडून घेतील."

"मग तुझे दोन्ही शाबूत कसे?" मी विचारलं.

"काय राणीसाहेब, उन्हात कशाला आलात? झेपतंय ना?"

"तुझं ते यंत्र चालू आहे, की नुसतं मिरवायला आणलंस?"

"माझं कायम चालू असतं."

"मग असं इकडून जाऊ. सावली आहे."

त्या सावलीत पूर्वी घोड्यांना नाल ठोकणाऱ्याचं दुकान होतं. आता भिंतीचा दगडही नाही, पण जमिनीत खिळेच खिळे. आमच्यातला माणूस तिथं डिटेक्टर बंद करून चालतो. लेटनला हे ठाऊक नव्हतं. गावात कुणाला काही विचारणं त्याच्या इतमामाला शोभत नाही.

"आमचे हक्क म्हणजे..." त्यानं सुरुवात केली आणि यंत्र किंचाळलं. "एक मिनिट हं."

खणलं. गंजका खिळा. भिरकावला. दोन पावलांवर पुन्हा आवाज. पुन्हा खणलं. मग तिसरा. हक्क राहिले बाजूला. साठी उलटलेला माणूस कोंबडीसारखा माती उकरत पुढं चालला होता. मागं तीन खड्डे आ वासून पडलेले.

टॅम्सिन पहिल्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. "लेटन, हा कोण बुजवणार?"

"हो, हो, येताना बुजवतो की!"

"मागच्या महिन्यातले बुजवणार होतास तसे?"

त्यानं फावडं खाली ठेवलं. डिटेक्टर मात्र ओरडतच होता.

"चावी क्लबाला मिळणार नाही," ती म्हणाली. मी मनातल्या मनात मर्वला टाळी दिली. "कुणालाच नाही. सोमवारी फाटक लागेल. निदान दोन वर्षं तरी."

"अगं, पण मी बुजवते!"

"मला ठाऊक आहे, नोला. पण तुमच्या एकटीसाठी वेगळं फाटक कसं घालू?"

मी एक्याऐंशीची आहे. दोन वर्षं म्हणजे काय, ते त्या पोरीला कुठून कळणार!

"बघा, काय करून बसलात!" लेटन माझ्यावर खेकसला आणि तरातरा वर निघाला. वळणावर यंत्र पुन्हा किंचाळलं. आणि खरं सांगते, तो थांबला. वाकला. फावड्यासाठी मागं हात केला, तेव्हा ते खालीच राहिल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

ते माझ्या हातात होतं. मी तिन्ही खड्डे बुजवले, पायानं दाबले, वर पाला पसरला. मग फावडं न पुसताच त्याच्या पांढऱ्या गाडीला टेकवून ठेवलं.