चुकीच्या जागचं हसू

सभागृहात एकेचाळीस माणसं होती. दिवे मालवण्याआधी डोकी मोजायची तिची जुनी सवय. मागच्या दोन रांगांत तेवीस, भिंतीलगत एक जोडपं, अगदी पुढे माना वर करून बसलेली तीन मुलं, मधल्या भागात अकरा, त्यातली एक बाई बाबांच्या शेजारच्याच खुर्चीत. आणि ती दोघं, बापलेक. सिनेमा विनोदी होता. पण मध्यंतरानंतर नायकाचा भाऊ जातो, आणि तोवर दिसेल त्याची टर उडवणारा तो नायक रिकाम्या दुकानात एकटा उभा राहून भावाच्या कोटाची घडी घालतो. संगीत थांबलेलं. चाळीस माणसं श्वास रोखून बसली होती. त्या शांततेत बाबा हसले.

तोंडातल्या तोंडात नव्हे, चांगले मोकळेपणी, मान मागे टाकून.

"बाबा!" तिने त्यांचा दंड दाबला. "काय हे!"

मागून कुणीतरी "श्श" केलं. पुढची मुलं वळून बघायला लागली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग शेजारच्या बाईकडे. चुकून उचललेली दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवावी तसं त्यांनी ते हसू आवरून ठेवलं. उरलेला सिनेमाभर ते हसले नाहीत, हसायच्या जागीही नाही.

घरी जेवायला बसल्यावर तिने तो प्रसंग सगळ्यांना करून दाखवला. टेबल पुसायच्या फडक्याची घडी घालत ती नायक झाली आणि लगेच मान मागे टाकून बाबा. धाकट्या भावाला ठसका लागला.

"ताई, बस कर, घास वर गेला माझा!"

"अरे, बाबांना न्यायचं तर गळ्यात पाटीच अडकवायला हवी. 'यांच्या हसण्याशी सिनेमाचा संबंध नाही.'"

"पुरे गं," आई म्हणाली, पण तोंडावर हात धरून. "बापाची किती टवाळी करशील?"

बाबाही हसले, सगळ्यांच्या किंचित नंतर. ते किंचित तिला दिसलंही होतं. बाबा किती खिलाडू आहेत, असं तिच्या मनात आलं.

बाबांचा जन्म बाटल्या भरायच्या कारखान्यात गेला. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आदळत पुढे सरकायच्या, पट्टा कुठे अडला की बाबांनी तो मोकळा करायचा. हातात रविवार तेवढा एक. तो त्यांनी लेकीला आणि सिनेमाला दिला होता. परतताना बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर तिला मत द्यावं लागे.

"'आवडला' ही बातमी झाली," ते म्हणत. "मत कुठंय? का आवडला ते बोला, समीक्षकबाई."

समीक्षकबाई तेव्हा चौथीत होत्या. मोठी होईतो तिची मतं पक्की झाली. हाणामारीच्या सिनेमात खोली केवढी, दार कुठे, कोण कुणाच्या मागे उभा, हे प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे. नाहीतर ती मारामारी नसते, नुसती आदळआपट असते. जादूच्या सिनेमात जादूची किंमत ठरलेली हवी. कांडी फिरवून सगळंच जमत असेल तर राजकन्येसाठी जीव टांगणीला लागायचा कशाला? आणि विनोदी सिनेमा सगळ्यांत वरचा. हे शेवटचं मत मुळात बाबांचं. "मारामारीत एक ठोसा हुकला तर दुसरा मारता येतो," ते सांगत. "विनोद अर्धा क्षण चुकला की मेला."

तेच बाबा गेल्या दोन वर्षांत फिरले होते.

"विनोदी नको बुवा. हल्लीचे नट नुसते पुटपुटतात," ते म्हणायचे. "हाणामारीचा बघू. खुर्चीत बसल्या बसल्या कळतं काय चाललंय ते."

"खुर्ची हादरते म्हणून सिनेमा चांगला?"

"नाहीतर तो परक्या भाषेतला बघू, राक्षस आणि उडते घोडे. खाली अक्षरं येतात. स्वच्छ काम."

"बाबा, तुमची चव गेली. वय झालं तुमचं."

"झालंच की," बाबा म्हणायचे आणि रस्ता ओलांडायला तिचा हात धरायचे.

त्या रविवारचं तिकीट तिने चव परत आणायची म्हणूनच काढलं होतं. नंतरच्या रविवारी बाबांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी नळ दुरुस्त करायचा होता. तिसऱ्यांदा त्यांनी कारणही शोधलं नाही. "मैत्रिणीला घेऊन जा तू," म्हणाले. तिला राग आला, आणि खोलवर कुठेतरी बरंही वाटलं. मैत्रीण हसायच्या जागी हसत असे.

इस्पितळात कान तपासायच्या खोलीत ती काम करायची. जाड भिंतींची, काचेची खिडकी असलेली एक लहानशी खोली; आत रुग्ण, बाहेर यंत्रापाशी ती. त्या आठवड्यात एक म्हातारा शिंपी आला. मुलाने जवळजवळ ओढतच आणला होता.

"कधीपासून कमी ऐकू येतं, काका?"

"मला कुठं कमी येतं? सगळं येतं. लोकच हल्ली पुटपुटतात."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. या खोलीत येणारे जवळपास सगळेच हे म्हणत. मला ऐकू येत नाही, असं म्हणत कुणी येतच नसे. "पुटपुटणारे आले गं," असं विभागातल्या मुली एकमेकींना हळूच सांगत, आणि त्यात तीही होती. तिने नेहमीसारखं लिहायला घेतलं आणि तिचा हात थांबला.

नट पुटपुटतात. खुर्ची हादरते. खाली अक्षरं येतात.

दोन वर्षं ती या मतांशी भांडली होती. मुद्देसूद, उदाहरणं देऊन. बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर एकदाही, एकदाही तिच्या मनात आलं नाही की अनोळखी माणसाने यातलं एक वाक्य उच्चारलं असतं तर तिने त्याला लगेच आत बसवून कानाला यंत्र लावलं असतं. आणि त्या फडक्याची घडी. मान मागे टाकून केलेली नक्कल. तिचे कान तापले.

"बाई, झालं का माझं?" शिंप्याने विचारलं.

"अजून नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

संध्याकाळी बाबा गॅलरीत बसून चप्पल शिवत होते. स्टूल ओढून ती त्यांच्या अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून बसली.

"बाबा, त्या दिवशी सिनेमात तुम्ही का हसलात?"

बाबांनी दोरा दाताने तोडला. "हसलो खरा. शेजारची बाई हसत होती. खांदे गदगदा हलत होते तिचे. म्हटलं, मोठा विनोद झालेला दिसतोय."

"रडत होती ती."

"हो. मग तिने डोळे पुसले तेव्हा समजलं. तू दंड दाबलास तेव्हाच शंका आली होती म्हणा."

"आणि घरी मी नक्कल करत होते तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं होतं. तुम्ही पण हसलात सगळ्यांबरोबर."

"सगळे हसत होते. आणि तू करतेसही छान. बोलणं नाही आलं तरी मी कसा दिसतो ते समजलं." त्यांनी सुई बाजूला ठेवली. "मान फार मागे टाकतो का गं मी?"

बाबा तिच्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. किती काळ ते असे ओठांकडे बघत होते, आणि ती त्याला माया समजत होती.

"मला का नाही सांगितलंत? माझं कामच आहे ना ते."

"म्हणूनच तर. दिवसभर बहिऱ्यांच्यात असतेस. रविवारी परत एक बहिरा कशाला?" चप्पल त्यांनी उलटी करून टाका तपासला. "मग नेलं नसतंस मला."

"असं कसं म्हणता, बाबा?"

"नेलं असतंस. पण दया म्हणून नेलं असतंस. भांडली नसतीस."

आत आईने कुकर दणकन उतरवला. बाबांनी वळून पाहिलं नाही.

"उद्या याल माझ्याबरोबर?" तिने शेवटी विचारलं.

"तूच तपासणार?"

"दुसरीला सांगते हवं तर."

"छे. तूच कर. परक्या बाईसमोर नापास कोण होईल?"

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. काचेपलीकडे खुर्चीत बसले, हेडफोन नीट करून घेतले, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी बसत तसे हात मांडीवर ठेवून बसले. ती बाहेरून माइकमध्ये एकेक साधा शब्द उच्चारणार आणि ते तो परत म्हणणार. प्रत्येक कानाला पंचवीस शब्द, नेहमीच्या बोलण्याएवढ्या आवाजात. कान चांगले असतील तर सगळे येतात, फार तर एखादा जातो. नियम एकच: रुग्णाला तोंड दिसता कामा नये. तिने पुठ्ठा ओठांसमोर धरला.

पहिल्याच शब्दाला बाबांची नजर पुठ्ठ्यावर आली. तिथे काही मिळेना, तेव्हा ती तिच्या डोळ्यांवर गेली. बाबा आता डोळे वाचतायत हे लक्षात आल्यावर तिने डोळेही खाली, कागदावर वळवले. पुठ्ठा दोन बोटं खाली घेतला असता तर बाबांना बराच आधार झाला असता. आवाज जरा चढवला असता तरी कुणाला कळलं नसतं. तिने दोन्ही केलं नाही. शब्दामागून शब्द ती एकाच पट्टीत म्हणत गेली. बाबा प्रत्येक वेळी लगेच, ठाम आवाजात, कारखान्यात हाक मारल्यासारखं उत्तर देत होते. "ऐकू आलं नाही" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. प्रत्येक शब्दाला त्यांनी कुठला ना कुठला शब्द परत दिला.

शेवटचा शब्द झाला. बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि भुवया उंचावून काचेतून तिच्याकडे पाहिलं.

तिने बरोबर आलेल्या शब्दांपुढच्या खुणा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि कागदावर लिहिलं. उजवा कान, पंचवीसपैकी अकरा. डावा कान, पंचवीसपैकी आठ.