बाचांग बांधणारी बोटं

नौकांच्या सणाला अजून दोन महिने होते, आणि युएचिनची बोटं पूर्वीसारखी पळू लागली. बांबूची दोन पानं दुमडायची, त्यात परतलेले तांदूळ, डुकराचं मांस, शेंगदाणे भरायचे, वरून पान मोडून दोऱ्याचे वेढे नि सुरगाठ मारायची, की झालं सणाचं बाचांग! विसांचा घड भरायला तिला पाव तासही लागेना.

"अगोबाई, हात परत आले की गं तुझे!" देवळासमोरची फुलवाली म्हणाली.

युएचिन हसली नि पुढचं पान दुमडू लागली. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. आजार उलटू नये म्हणून हार्मोनची गोळी पाच वर्षं घ्यायची होती, रोज एक. त्या गोळीनं अंगातून वाफा निघत, ते एक वेळ सोसलं असतं. पण सकाळी बोटं अशी आखडत की चॉपस्टिक धरवेनात, आणि अंगठा वाकवला की तिथंच अडकून बसे. मेलं हे कसलं औषध! तैवानातल्या तैनान शहराच्या त्या गल्लीत जिच्या हाताचं नाव होतं, तिची बाचांगं उकळत्या पातेल्यात सुटून भात तरंगायला लागला. शेवटी अडीच महिन्यांपूर्वी तिनं गोळी सोडली. कुणाला पत्ता लागू दिला नाही. नवऱ्याला पाकिटातली जागा रिकामी दिसावी म्हणून रोजची गोळी काढून मोरीत टाकायची, बस्स.

समोर थोरली जाऊ बाओचू बसलेली. तीस वर्षं दोघी दुकानातल्या एकाच टेबलाशी बांधत आल्या आणि तीस वर्षं बाओचू मागे. हात मागे, तोंड मात्र कायम पुढे! गेल्या सणाला ती पहिल्यांदा पुढे गेली, तेव्हा गल्लीभर मिरवली होती. आज मात्र सकाळपासून तिचं तोंड बंद होतं.

दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर तिनं स्टूल पुढे ओढलं. "हात आण इकडे." युएचिनचा अंगठा तिनं दोनदा वाकवून पाहिला. "गोळी कधी सोडलीस?"

"कोण म्हणतं सोडली?"

"मला शिकवू नकोस. डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा शेजारी मीच होते. बोटं गोळीनं आखडलीत म्हणाल्या. आता गोळी चालू नि बोटं मोकळी, हा चमत्कार कुठल्या देवाचा?"

युएचिनचे डोळे भरून आले. "जाऊबाई, या हातांखेरीज मला येतंय काय? पाच वर्षं नुसती बसून राहू?"

"बस की! मी काय उठवतेय तुला?" बाओचूचा आवाज चिरकला. "बये, रोज सकाळी तुझा अडखळणारा हात बघायचे नि मला बरं वाटायचं. म्हणायचे, चला, आजची गोळी पोटात गेली. मिरवायचे ती त्या जिवावर. लोकांना वाटलं, म्हातारी चेकाळली."

जाऊबाईंच्या ओल्या, तेलकट हातात युएचिनचा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाई रागावल्या, पण थोड्याच. त्रास होतो तर सोडायच्या आधी सांगायचं होतं, म्हणाल्या. त्यांनी त्याच जातीची दुसरी गोळी दिली, हातांचे व्यायाम शिकवले, आणि आखडणं थोडंफार परत येईल हेही लपवलं नाही. संध्याकाळी युएचिननं गोळी घेतली, तेव्हा बाओचू समोर उभी.

"जीभ उचल बघू."

"जाऊबाई, साठी उलटली माझी!"

"उचल!"

आखडणं आलंच. पहिल्याइतकं नाही, पण आलं. सणाच्या आदल्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी! बाओचूनं पातेल्यातून घड वर उचलला आणि त्यातलं एक बाचांग सुटून भात पाण्यात पसरला.

"हे कुणाच्या हातचं?" फुलवाली हसली.

"माझ्या," बाओचू फटकन म्हणाली. "डोळ्यांना दिसत नाही हल्ली."

तीस वर्षांत या बाईनं स्वतःची एक चूक कबूल केली नव्हती. युएचिननं दोरा खाली ठेवला.

"खोटं बोलतायत त्या. माझ्या हातचं आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "गोळी चालू आहे ना माझी."